संताजी जगनाडे: ‘तुका म्हणे’ या नावामागचा माणूस आणि ब्रँडची खरी गोष्ट

ॲप किंवा स्टार्टअपचं नाव कसं ठेवायचं, यावर नेटवर भरपूर लेख आहेत. नाव छोटं हवं, उच्चारायला सोपं हवं, डोमेन मोकळं हवं वगैरे. मीही हे सगळं वाचून एकदा नाव ठेवलं होतं आणि तोंडावर आपटलो होतो. ती गोष्ट खाली येईलच. पण आज मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, ते ना कंपनीचे मालक होते, ना मार्केटिंगवाले. ते चाकणचे तेलाचे व्यापारी होते. त्यांना जाऊन तीनशेहून जास्त वर्षं झाली. त्यांची समाधी मावळातल्या सुदुंबरे गावात आहे. नाव संताजी जगनाडे.

माझं इंजिनिअरिंग याच पट्ट्यात झालं. चार वर्षं सुदुंबऱ्यात खोली करून राहिलो. इंद्रायणीच्या एका अंगाला देहू, दुसरीकडे चाकणची एमआयडीसी आणि मध्ये हे गाव. तळेगाव-चाकण रस्त्याने कंपन्यांच्या बस दिवसरात्र धावतात. रस्त्यावरच्या बोर्डांवर जगभरातली नावं वाचायला मिळतात: जपानी, जर्मन, कोरियन. पण गावातल्या समाधी मंदिरात मी चार वर्षांत फक्त दोनदा गेलो, तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी! संताजी महाराज नेमके कोण, हे मला नीट कळलं नोकरी लागल्यावर. आणि कळलं तेव्हा माझ्या बुडालेल्या ॲपची चूकही कळली.

चला तर मग, सुरुवातीपासून बघूया.

घाण्यापासून वहीपर्यंत

संताजींचा जन्म १६२४ सालचा, चाकणचा. दरवर्षी ८ डिसेंबरला त्यांची जयंती साजरी होते. घर तेली समाजातलं. तेलाचा घाणा आणि तेलाची विक्री हा घरचा धंदा. चाकण तेव्हाही बाजारपेठेचं गाव होतं. धंद्यासाठी हिशोब लागतो आणि हिशोबासाठी लिहिणं-वाचणं लागतं, त्यामुळे संताजींना लहानपणीच अक्षरओळख झाली असं सांगतात. ही साधी वाटणारी गोष्ट पुढे फार मोठी ठरली.

ते सहा-सात वर्षांचे असताना, १६३० च्या सुमारास, महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. त्याच दुष्काळात देहूच्या तुकारामांची सावकारी आणि दुकान बुडालं, त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला. तुकाराम विठ्ठलाकडे वळले, अभंग रचू लागले, गावोगावी कीर्तन करू लागले.

असंच एक कीर्तन चाकणला झालं. ते ऐकून तरुण संताजी इतके भारावले की घरदार सोडून तुकोबांच्या मागे जायला निघाले. त्यांचं लग्न लहानपणीच यमुनाबाईंशी झालेलं होतं. तुकोबांनी त्यांना संसार सोडू दिला नाही, प्रपंच सांभाळूनही हे करता येतं असं समजावलं, अशी आठवण वारकरी परंपरेत सांगितली जाते. म्हणजे घाणाही चालू राहिला आणि कीर्तनातली साथही. तुकोबांचे जे चौदा टाळकरी प्रसिद्ध आहेत, त्यांत संताजी एक.

टाळकरी म्हणजे कीर्तनात मागे उभा राहून टाळ वाजवणारा आणि ध्रुपद धरणारा. लोकांचं लक्ष पुढच्या माणसाकडे असतं. पण संताजींकडे आणखी एक काम होतं. तुकोबा जे अभंग म्हणत, ते लिहून ठेवायचं. खेड तालुक्यातल्या कडूसचे गंगाराम मवाळ हेही असेच लेखक होते. आजच्या भाषेत सांगायचं तर तुकोबा लाइव्ह होते आणि हे दोघं रेकॉर्डिंग करत होते. फक्त रेकॉर्डिंग बोरूने आणि शाईने चालायचं.

अभंगाचा शेवट म्हणजे जुना लोगो

आता जरा नावाकडे येऊ. मराठी अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं. याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांची मुद्रा तर लहान पोरालाही माहीत आहे: तुका म्हणे. नामदेवांची नामा म्हणे, चोखामेळ्यांची चोखा म्हणे. एकनाथांनी तर मुद्रेत स्वतःबरोबर गुरूचं नावही घेतलं, एका जनार्दनी. आज दोन कंपन्या एकत्र येऊन दोघांची नावं एका बॉक्सवर छापतात, तसाच काहीसा प्रकार.

विचार करा, तेव्हा छापखाना नाही, कॉपीराइट नाही, ट्रेडमार्क ऑफिस नाही. अभंग तोंडातून तोंडात जाणार. अशा वेळी ओळख टिकवायची तर नाव मालावर चिकटवून चालणार नाही, ते मालाच्या आतच विणलं पाहिजे. नाव काढलं तर चरणाची लय मोडते. डिझाइन म्हणून बघितलं तर ही कमाल आयडिया आहे.

आणि ते नाव किती साधं आहे बघा. तुका. आंबिले हे आडनाव नाही, मोरे हे कुळाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, मोठेपणा सांगणारं विशेषण नाही. आजच्या नेमिंग एजन्सीसमोर कुणी हे नाव ठेवलं असतं, तर ते पहिल्याच मीटिंगमध्ये बाद झालं असतं.

कंपन्यांची नावं साधारण चार प्रकारांत मोडतात. एक, मालकाचं नाव, जसं किर्लोस्कर, टाटा. दोन, कामाचं किंवा गावाचं नाव, जसं अमुक ऑइल मिल, तमुक डेअरी. तीन, एखाद्या शब्दावरून वाकवलेलं नाव. गूगल हे नाव गूगोल या प्रचंड संख्येच्या नावावरून आलं. चार, अर्थच नसलेलं नाव. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक हा शब्द चक्क मनाने बनवला होता.

पण चारही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. पहिल्या दिवशी नाव रिकामं असतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन खराब होईल अशी भीती होती. आडनाव तेच होतं, पण त्याला वजन नव्हतं. पुढे नांगर शेतात टिकला तेव्हा नावाला वजन आलं, इतकं की १९१० मध्ये वसवलेल्या त्यांच्या गावाला आणि तिथल्या रेल्वे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळालं. म्हणजे नाव आधी वस्तूला ओळख देत नाही. आधी वस्तू नावाला ओळख देते, मग नाव ते कर्ज फेडत राहतं.

सालोमालो, म्हणजे सतराव्या शतकातलं क्लोन ॲप

नावाला वजन आलं की नक्कल आलीच. तुकोबांच्या गाथेतच सालोमालो या नावाने एका नकली हरिदासाचा उल्लेख आहे. दुसऱ्याच्या रचनेतली मुद्रा काढायची आणि तिथे आपलं नाव घालायचं, हा त्याचा उद्योग. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ सिनेमातही तो खलनायक म्हणून आहे.

पण उलटा धोकाही होताच आणि तो जास्त अवघड. तुका म्हणे या दोन शब्दांना इतकी किंमत आली की पुढच्या काळात इतरांनी रचलेल्या अभंगांनाही तीच मुद्रा लागली. पहिल्या प्रकारात माल तुकोबांचा आणि नाव दुसऱ्याचं. दुसऱ्या प्रकारात नाव तुकोबांचं आणि माल दुसऱ्याचा. नामदेवांच्या बाबतीतही हा गोंधळ झालेला आहे. नंतरच्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना त्यांच्या अभंगांत मिसळल्या गेल्या.

तुम्ही रोज वापरता त्या प्ले स्टोअरवर आजही हेच चालतं. तिथे ॲपचं दिसणारं नाव एकमेव असायलाच हवं असा नियम नाही. एकाच नावाची दहा ॲप असू शकतात. एकमेव असतो तो आतला पॅकेज आयडी, जो आपण सहसा बघत नाही. म्हणून कर्ज देणारं किंवा पैशांचं कुठलंही ॲप घेताना मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात डेव्हलपरचं नाव असतं ते आधी वाचा. नाव कोणीही लावू शकतं. त्याच्यामागे कोण उभं आहे, हा खरा प्रश्न.

गिट आपल्याला काय सांगतं

ज्यांनी कोडिंग नुकतंच सुरू केलंय त्यांच्यासाठी थोडं समजावतो. गिट हे सॉफ्टवेअर कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतं. एका नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये दोन नावं असतात. एक ऑथर, म्हणजे बदल मुळात ज्याने लिहिला तो. दुसरा कमिटर, म्हणजे ज्याने तो बदल नोंदवून ठेवला तो. बहुतेक वेळा दोन्ही नावं एकाच माणसाची असतात, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. तुकोबांच्या गाथेत मात्र हा फरक स्पष्ट दिसतो. ऑथर तुकोबा, कमिटर संताजी.

आता गंमत बघा. गिटमध्ये ऑथरच्या जागी तुम्ही कोणाचंही नाव टाइप करू शकता. गिट ते मुकाट्याने मान्य करतं. म्हणजे ऑथरचं नाव ही नुसती मुद्रा झाली. खात्री हवी असेल तर कमिटवर डिजिटल सही करावी लागते, आणि ती सही ज्याच्या किल्लीने होते त्या माणसावर आपला भरवसा असावा लागतो. तेव्हाच गिटहबवर त्या कमिटपुढे व्हेरिफाइड असं दिसतं.

तुकोबांच्या अभंगांना अशी सही कोणाची? याचं उत्तर सुदुंबऱ्यात आहे.

वह्या वाचवणारा माणूस

वाघोलीच्या रामेश्वर भटांमुळे तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या असं भाविक मानतात. त्याच्याच जोडीला दुसरीही आठवण सांगतात. लोकांना पाठ असलेले अभंग गोळा करून संताजींनी ते पुन्हा लिहून काढले. तुम्ही कुठली गोष्ट मानता ते तुमच्यावर. पण दोन्हीत एक धागा सारखा आहे. अभंग टिकले कारण ते कुणाच्या तरी पाठीत आणि कुणाच्या तरी वहीत होते.

१६५० मध्ये तुकोबा गेले. संताजी तेव्हा पंचविशीत होते, म्हणजे आज हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या वयाचे. त्यांच्यासमोर मोकळी वाट होती. अभंग त्यांच्या हातात, अक्षर त्यांचं, मूळ कवी हयात नाही. सालोमालोला जे करायला चोरी करावी लागत होती, ते संताजींना घरबसल्या करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. पानामागून पान त्यांनी तुकोबांचंच नाव राखलं.

आणि असं नाही की त्यांना स्वतःला रचता येत नव्हतं. संताजींचे स्वतःचे अभंग आहेत, घाण्याचे अभंग म्हणून ते ओळखले जातात. घाणा, बैल, तेल हे त्यांच्या रोजच्या कामातले शब्द घेऊन त्यांनी अध्यात्म सांगितलं. तिथे त्यांनी आपली मुद्रा उघडपणे लावली, संतु अशी, काही ठिकाणी तेली या शब्दासह. जे आपलं त्याला आपलं नाव, जे गुरूचं त्याला गुरूचं. हिशोब चोख. तेलाच्या मापात पाप न करणारा माणूस वहीतही तसाच वागला.

पुढचा काळ धामधुमीचा होता. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणचा किल्ला घेतला. अशा काळात लोक आधी धान्य आणि जनावरं वाचवतात, कागद नाही. पण संताजींच्या वह्या राहिल्या आणि पुढे त्यांच्या घराण्याने त्या जपल्या.

संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तिथली कथा गावात कुणालाही विचारा. संताजी गेल्यावर त्यांना माती देताना काही केल्या चेहरा झाकला जाईना. शेवटी तुकोबा स्वतः आले, त्यांनी मूठभर माती टाकली आणि मगच चेहरा झाकला गेला. आधी जाणारा मागे राहणाऱ्याला माती द्यायला येईल असं त्यांचं ठरलं होतं म्हणे. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला पुण्यतिथीचा उत्सव होतो आणि आषाढीला सुदुंबऱ्याहून संताजींची पालखी पंढरपूरला जाते.

अडीचशे वर्षांनी लागलेला शिक्का

आता सर्वात महत्त्वाचा भाग. इंग्रज सरकारने २४,००० रुपये मंजूर केले आणि १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचे दोन खंड निघाले. त्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. वेगवेगळ्या हस्तलिखितांत मात्र अभंगांची संख्या आणि पाठ वेगवेगळे होते. मग प्रश्न आला, यातले खरे कोणते?

‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ठाण्याचे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून १९१९-२० मध्ये तुकोबांची गाथा दोन भागांत छापली. तिचं नाव काय ठेवलं माहितीये? अस्सल गाथा. अभ्यासकांचे वाद पुढेही चालू राहिले, पण ‘अस्सल’ हा शब्द वापरण्याचं धाडस भावे करू शकले ते एका तेल विकणाऱ्या माणसाच्या अक्षराच्या भरवशावर.

म्हणजे बघा, ज्या पानांवर संताजींचं नाव कवी म्हणून कुठेच नव्हतं, त्या पानांना खरेपणा मिळाला तो संताजींच्या नावाने. नाव पुढे तुकोबांचं आणि मागे सही संताजींची. २००९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आता माझी गोष्ट

कॉलेज संपल्यावर आम्ही तिघांनी भाजीच्या बाजारभावांचं एक ॲप काढलं होतं. नाव शोधण्यात सहा आठवडे घालवले. शेवटी एक चकचकीत, इंग्रजी वळणाचं नाव मिळालं. लोगोवर पैसे घातले. ओळखीच्या शेतकऱ्यांनी ॲप घेतलं, दोन-तीन महिने छान चाललं.

आमच्यातला तिसरा मित्र रोज रात्री बसून भाव तपासायचा. चुकलेले आकडे, किलो आणि क्विंटलचा घोळ, मागच्या तारखेचे भाव, सगळं हाताने नीट करायचा. हे काम दिसत नव्हतं. ॲपच्या अबाउट पानावर आम्ही दोघांचे फोटो होते, त्याचा नव्हता, कारण तो कोड लिहीत नव्हता. एक दिवस त्याने शांतपणे सोडलं. आम्हाला वाटलं स्क्रिप्ट लिहू, काम होईल. पंधरा दिवसांत एका काकांनी आमचा भाव बघून टेम्पो भरला आणि बाजारात गेल्यावर कळलं की आकडा आदल्या दिवशीचा आहे. त्यांनी ॲप काढून टाकलं आणि गावातल्या आणखी वीसेक जणांनाही काढायला लावलं.

यावर आम्ही काय केलं असेल? नाव बदललं! नवा लोगो, नवा रंग. भाव तेच, शिळे. चार महिन्यांत दुकान बंद.

लोक आमच्या नावावर विश्वास ठेवत नव्हतेच. ते त्या रात्रीच्या तपासणीवर विश्वास ठेवत होते, फक्त तिच्यावर पाटी आमच्या नावाची होती. आमचा संताजी आम्ही स्वतःच घालवला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याचं काम होतं याची नोंदसुद्धा कुठे ठेवली नव्हती.

तुम्ही नाव ठेवणार असाल तर

तुमच्यातले काही जण यूट्यूब चॅनल, इन्स्टा पेज, घरगुती मसाल्याचा धंदा किंवा ॲप सुरू करत असतील. त्यांच्यासाठी कामाचे मुद्दे:

१. कंपनी रजिस्टर झाली किंवा डोमेन घेतलं म्हणजे नावावर ट्रेडमार्क मिळाला असं नाही. तो ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली वेगळा नोंदवावा लागतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते.

२. नुसतं वस्तूचं वर्णन करणारं नाव, जसं शुद्ध तेल, ट्रेडमार्क म्हणून मिळणं अवघड असतं. संतु तेली यात धंदाही आहे आणि माणूसही, म्हणून ती ओळख पक्की.

३. नावावर दोन दिवस घालवा, सहा आठवडे नको. उरलेला वेळ ते नाव ज्या कामावर उभं राहणार आहे त्याला द्या.

४. तुमच्याकडे रात्री भाव तपासणारा कोण आहे ते ओळखा आणि त्याचं नाव लिहा. गिटहबवर कमिटच्या संदेशाखाली को-ऑथर्ड-बाय अशी ओळ टाकून दुसऱ्याचं नाव जोडता येतं. मसाल्याच्या पुडीवर आईचं नाव छापता येतं.

मागच्या मार्गशीर्षात उत्सवाला सुदुंबऱ्याला गेलो होतो. परत येताना त्या मित्राला फोन केला, जवळजवळ चार वर्षांनी. जुन्या ॲपचा कोड मी आता सगळ्यांसाठी खुला करतोय, त्याच्या माहितीच्या पानावर तुझं नाव पहिलं टाकलंय, एवढंच सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं की क्विंटलचा घोळ अजून तसाच आहे का. तसाच होता. रविवारी आम्ही दोघं तो दुरुस्त करायला बसलो.